एकगठ्ठा माया

आमच्या आईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पूर्ण पिकला असून तो तातडीनं काढणं आवश्यक आहे, असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी कळवलं आणि तिच्या चारही अपत्यांनी या बाबीची गंभीर दखल घेतली. आईचा डावा डोळा लहानपणीच गोवरानं गेलेला. जे काही दिसायचं ते उजव्यानंच. "आणखी थांबलात तर हाही डोळा हातचा जाईल," बाई म्हणाल्या. "आणि येताना घरचं कुणीतरी सोबत आणा." आईनं चौघांना एकेक करून फोन लावला आणि हेच शब्द जसेच्या तसे सांगितले.

आम्ही चौघं भावंडं म्हणजे थोरला दादा, टायरचा घाऊक व्यापारी. मग ताई, शाळेची मुख्याध्यापिका. तिसरा मी, एका कार्यालयाच्या आवक-जावक विभागाचा प्रमुख. आणि शेवटचा धाकटा, जो दरवर्षी नव्या पद्धतीनं स्वतःचा शोध घेतो आणि अजून स्वतःला सापडलेला नाही. आईवर आमचं अतोनात प्रेम. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लोक काहीही बोलतात.

प्रश्न प्रेमाचा नव्हताच, क्रमाचा होता. आमच्या घराण्याचा अनुभव असा की जो पहिला पुढे होतो, तो एकटाच पुढे राहतो. मागे आईच्या घराचं छप्पर गळायला लागलं तेव्हा दादा भाबडेपणानं म्हणाला होता, "मी करून घेतो, मग वाटून घेऊ." छप्पर झालं, वाटणी अजून व्हायची आहे. तेव्हापासून दादानं कुठलंही वाक्य 'मी'पासून सुरू करणं सोडून दिलं.

त्यामुळे डोळ्याच्या बाबतीत दादा म्हणाला, "ताईनं ठरवलं की माझं समजाच." ताई म्हणाली, "दादाचं होऊ दे, माझं काय, मी घरातलीच." मी तत्त्वतः मान्यता दिली. धाकटा म्हणाला की ऊर्जा जुळली की सगळं आपोआप होईल. आईनं पुन्हा फोन करून विचारलं, "मग कोण येतंय?" आम्ही तिला कळवलं की विषय विचाराधीन आहे.

अशा वेळी भावजी मदतीला धावले. भावजी म्हणजे ताईचे यजमान. व्यवसायानं ते परिवर्तन सल्लागार आहेत. कंपन्या त्यांना बोलावतात, ते परिवर्तन करतात आणि त्यानंतर त्या कंपन्या त्यांना पुन्हा बोलावत नाहीत, यावरून परिवर्तन किती कायमचं होत असेल याची कल्पना यावी. त्यांनी आम्हा सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलं.

"तुमचा आजार काय आहे सांगू?" भावजी म्हणाले. "अविश्वास. आणि त्यावर औषध एकच, ब्लॉकचेन."

"ते आईच्या डोळ्यात घालायचं का?" धाकट्यानं विचारलं.

भावजींनी ते मनावर घेतलं नाही. "नीट ऐका. चौघांची चार खाती. प्रत्येकानं आपला वाटा दवाखान्याच्या खात्यात पाठवायचा. पण सुटा सुटा नाही! चारही व्यवहार एका गठ्ठ्यात बांधायचे आणि गठ्ठा एकदम त्या ब्लॉकचेनच्या साखळीवर चढवायचा. चारही पास झाले, तर चारही झाले. त्यातला एक जरी अडला, तर एकही झाला नाही. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. एकाचे गेले आणि बाकीचे हात वर करून बसले, ही भानगडच संपली."

"आणि एक अडला तर?" दादानं विचारलं.

"तर काहीच घडलं नाही असं समजायचं. सगळं होतं तसं."

चौघांच्याही चेहऱ्यावर एकदम तरतरी आली. काहीच न घडण्याची इतकी भक्कम हमी आम्हाला आजवर कुणी दिली नव्हती.

पहिला गठ्ठा रविवारी सकाळी सादर झाला. चौघांनी आपापल्या फोनवर बोट ठेवलं, भावजी "तीन, दोन, एक" म्हणाले आणि गठ्ठा रद्द होऊन परत आला. चौकशीअंती कळलं की दादाच्या खात्यात वाट्याचे पैसे होते, पण पैसे पाठवण्यासाठी साखळी जे किरकोळ शुल्क घेते, तेवढे सुटे ठेवायचे राहून गेले होते. गोदामभर टायर बाळगणारा माणूस चिल्लरीला अडला.

"वा!" भावजी टाळ्या वाजवून म्हणाले. "पाहिलंत? यंत्रणा किती चोख आहे! कुणाचा एक पैसासुद्धा हलला नाही!"

आम्ही एकमेकांचं अभिनंदन केलं. आई कॉलवर होती हे कुणाच्या लक्षात नव्हतं. ती म्हणाली, "मग बाईंना काय सांगू?"

"काही घडलंच नाही, असं सांग," दादा म्हणाला.

दुसऱ्या गठ्ठ्याआधी ताईनं एक मूलभूत मुद्दा काढला. "पैसे देऊन तुम्ही तिघं मोकळे व्हाल. मी जवळ राहते म्हणून सोबत जाणं, थेंब घालणं, पट्टी बदलणं, सगळं घोंगडं माझ्याच गळ्यात! ते गठ्ठ्यात नको का?" मुद्दा बिनतोड होता. आवक-जावक विभागात मी हेच शिकलो आहे, की जे नोंदवलं नाही ते झालंच नाही. त्यामुळे सोबत, थेंब, भेट, फोन, विचारपूस आणि पाठीवरून हात फिरवणे, असं सगळं मोजून गठ्ठ्यात घातलं गेलं. भावजींनी त्यासाठी 'मायाएकक' असं माप ठरवलं. यापुढे गठ्ठ्याच्या बाहेर कुणी परस्पर माया केल्यास ती एकतर्फी समजून रद्द केली जाईल, असं कलम मी सुचवलं आणि ते एकमतानं मंजूर झालं. माझ्या सूचना सहसा मंजूर होत नाहीत, त्यामुळे मला फार बरं वाटलं.

दुसरा गठ्ठा धाकट्यामुळे गेला. तो मौनाच्या शिबिरात बसला होता आणि तिथे बोट हलवणं हेही बोलण्यातच धरतात. तिसरा गठ्ठा माझ्यामुळे गेला असं म्हणतात, पण ते अर्धसत्य आहे. खातं उघडायला बारा गुप्त शब्द लागतात. सुरक्षिततेसाठी मी सहा माझ्याकडे ठेवले होते आणि सहा आमच्या हिच्याकडे. दादानंही आपले सहा मोठ्या वहिनींकडे दिले होते. ऐन वेळी ही म्हणाली, "मोठ्या जाऊबाईंनी त्यांचे सांगितले का? मग मीच का सांगू?" तिकडे मोठ्या वहिनी दादाला म्हणत होत्या, "तिनं सांगितले का आधी?" दोघी आपापल्या जागी अगदी बरोबर होत्या. बायकांनाही यंत्रणेचं मर्म कळलं याचं भावजींना कौतुक वाटलं.

मधल्या काळात कलमाचा भंग होऊ लागला. शाळेतून परतताना ताई आईकडे डोकावली आणि तिला डबाभर गरम सूप देऊन आली. हे दादाला कळलं तेव्हा तो कडाडला, "म्हणजे पुढे आयुष्यभर ऐकवायला ही मोकळी, की मी सूप नेलं होतं!" तातडीची बैठक झाली. ताईनं सूप परत आणावं असं ठरलं. ती बिचारी गेली, पण तोवर आईनं अर्धं पिऊन टाकलं होतं. उरलेलं अर्धं परत आलं. प्यायलेल्या अर्ध्याची पूर्वस्थिती कशी आणायची, यावर बराच खल झाला. शेवटी बाकी तिघांनी प्रत्येकी अर्धा डबा सूप एकाच वेळी आईला पाजून समतोल साधावा, असा तोडगा निघाला. आईनं पोट लहान असल्याचं सांगून नकार दिला. 'लाभार्थीचं सहकार्य नाही' अशी नोंद मी करून ठेवली.

लगेच दुसरा प्रकार. धाकटा मौनातून उठला आणि त्या झपाट्यात त्यानं आईला फोन करून टाकला. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. तो स्वतःच रडवेला होऊन म्हणाला, "सहज आठवण आली रे, राहवलं नाही." भावना समजू शकतो, पण नियम म्हणजे नियम. आम्ही त्याला सगळ्यांसमोर पुन्हा फोन लावायला लावला.

"आई," तो म्हणाला, "मी सकाळी तुला जे विचारलं ना, ते रद्द समज."

"काय विचारलं होतंस रे?"

"बरी आहेस का, असं विचारलं होतं."

 आई म्हणाली, "बरं. नाही विचारलंस." आणि तिनं फोन ठेवला. परतावा इतका सुरळीत पार पडलेला मी आमच्या कार्यालयातही पाहिलेला नाही.

इकडे डोळा काही आमच्यासाठी थांबत नव्हता. आईनं पातेल्यात म्हणून दूध पातेल्याशेजारी शेगडीवर ओतलं. आरशासमोर उभी राहून ती "कोण आलंय?" असं विचारत होती, असं तिच्या शेजारणीनं सांगितलं. ही शेजारीण भिंतीपलीकडे राहते, ब्लाऊज शिवते आणि विचारल्याशिवाय बोलते. शेवटी डॉक्टरीणबाईंनी स्वतःच मला फोन केला.

"आपण पेशंटचे कोण?"

"तिसरं अपत्य."

"मग घेऊन येताय का त्यांना? या आठवड्यात नाही झालं तर नंतर मी हात लावणार नाही. डोळा जाईल."

"आम्ही एकगठ्ठा येतोय, बाई. चौघं."

"अहो, चौघं कशाला? माझ्याकडे बसायला जागा नाही. एक माणूस पुरे."

"एक माणूस तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही," मी नम्रपणे सांगितलं. बाई फोनवर काहीतरी पुटपुटल्या. डॉक्टर लोकांना नवीन तंत्रज्ञानाचं वावडंच असतं.

त्या फोननं मात्र आम्ही खडबडून जागे झालो. चौथ्या गठ्ठ्यात काहीही राहू द्यायचं नाही, असं ठरलं. दादानं चिल्लर भरून ठेवली. धाकट्यानं शिबिरातून सुटी घेतली. आमच्या हिनं आणि मोठ्या वहिनींनी समोरासमोर बसून एक शब्द हिनं, एक शब्द तिनं, असे सगळे शब्द सांगितले. आधी एकदा पैसे न पाठवता कोरडी तालीम झाली. तालमीत गठ्ठा पहिल्या झटक्यात पास झाला, तेव्हा ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.  आईचा डोळा वाचणार होता.

खऱ्या वेळी चौघांनी बोट दाबलं. चार हिरव्या खुणा उमटल्या. मग पाचवी चौकट उघडली.

"ही कसली?" दादानं विचारलं.

"सुरक्षिततेसाठी मीच घातली," भावजी म्हणाले. "पैसे खरंच आईंच्या डोळ्यासाठी जातायत, हे आईंनी स्वतः प्रमाणित करायचं. सोपं आहे. त्यांच्या फोनवर सहा वाकडीतिकडी अक्षरं दिसतील, ती वाचायची आणि खाली बोट टेकवायचं. बस्स. चला आई, वाचा."

पडद्यावर आईचा चेहरा अगदी जवळ आला. तिनं फोन डोळ्याला चिकटवला, मग लांब धरला, मग खिडकीपाशी नेला.

"काही दिसत नाही रे बाळांनो. पांढरं पांढरं दिसतंय."

"प्रयत्न करा, आई. दोन मिनिटंच आहेत."

"अहो, मी वाचते की!" शेजारणीचा आवाज आला.

"तुम्ही साखळीच्या बाहेरच्या," भावजींनी तिला तिथेच थांबवलं. "परक्या माणसानं वाचलं तर विश्वासार्हता काय राहिली?"

दोन मिनिटं संपली. 'लाभार्थीची दृष्टी अपुरी. गठ्ठा रद्द.' चारही हिरव्या खुणा पुसल्या गेल्या आणि आमचे पैसे जिथल्या तिथे सुखरूप परत आले.

"आता काय?" ताईनं विचारलं.

"काही नाही," भावजी म्हणाले. "ऑपरेशन झालं की त्यांना अक्षरं दिसतील. मग लगेच गठ्ठा चढवू."

 या बोलण्यात कुठेतरी खोट आहे असं मला वाटून गेलं, पण कुठे ते सापडेना आणि जेवणाची वेळ झाली होती.

पाचव्या गठ्ठ्यासाठी आम्ही फोन लावला तेव्हा तो शेजारणीनं उचलला. "काल झालं त्यांचं ऑपरेशन," ती म्हणाली. "झोपल्यात. छान झालंय, बाई म्हणाल्या."

आमच्या पायांखालची जमीन सरकली. "कुणी नेलं?"

"मी. त्या म्हणाल्या येतेस का, मी म्हटलं चला."

"असं कसं चला?" मी ओरडलो. "कुणाला विचारलंत? कुठला व्यवहार, कुठल्या खात्यातून? तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "शिवणयंत्र झाकून ठेवलं आणि गेले."

त्याच दिवशी आम्ही चौघं आणि भावजी आईकडे थडकलो. इतक्या वर्षांत चौघं एकाच वेळी त्या दारात उभे राहिल्याची ही पहिलीच वेळ. आई खुर्चीत बसली होती. पट्टी नुकतीच काढली होती. तिनं आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "दादा, किती पांढरा झालास रे," ती म्हणाली. "आणि तू इतकी वाळलीस कशानं, ताई?" आम्हाला मात्र वेगळीच काळजी होती.

"पैसे कुठून आणलेस?" दादानं विचारलं.

"होते की बँकेत. तुमच्या बाबांनी ठेवलेले."

"मग आम्हाला एवढं धावायला का लावलंस?"

"मी पैसे कुठे मागितले?" आई म्हणाली. "मी म्हटलं होतं, कुणीतरी सोबत या. पैशांचं तुम्हीच काढलंत."

 मग ताईनं, ती शाळेत पालकांशी बोलते त्या आवाजात, हळूच विचारलं, "आणि घराचं कागदपत्र वगैरे सगळं जागेवर आहे ना, आई? म्हणजे काही गहाण वगैरे..."

"जागेवर आहे. घर तुमचंच आहे," आई म्हणाली. "करून टाका हवं तर आत्ताच चौघांच्या नावानं. त्या तुमच्या गठ्ठ्यानंच करा. वकिलाचं मागाहून बघू. माझीही संमती घाला त्यात."

भावजींनी उभ्या उभ्या गठ्ठा बांधला. आणि सांगायला अभिमान वाटतो, आमच्या कुटुंबानं त्या दिवशी यंत्रणेचं सोनं केलं! दादाकडे चिल्लर होती, एवढी की बाकी तिघांना पुरावी. धाकट्याच्या ऊर्जा जुळलेल्या होत्या. मी बारा शब्द एका दमात म्हणून दाखवले, माझे सहा आणि हिचेही सहा. ताईनं चष्मा न घालता बोट नेमकं बटणावर ठेवलं. मोजणी संपायच्या आत चार हिरव्या खुणा उमटल्या. मग आईची चौकट उघडली आणि त्यात सहा वाकडीतिकडी अक्षरं आली.

आईनं फोन हातभर लांब धरून सहाही अक्षरं खणखणीत वाचली. एकही चुकलं नाही. आता फक्त बोट टेकवायचं राहिलं होतं.

"झटकन झालं की रे तुमचं," ती म्हणाली. "म्हणजे यंत्रात काही बिघाड नव्हता."

दोन मिनिटं संपेपर्यंत ती फोन हातात धरून आमच्याकडे बघत राहिली. चौकट मिटली. खुणा पुसल्या गेल्या. तिनं फोन मांडीवर ठेवला, डोकं मागे टेकवलं आणि म्हणाली, "थेंब घालायची वेळ झाली. कोण घालतंय?"

थेंबांची बाटली टेबलावर होती, आम्हा चौघांपासून सारख्याच अंतरावर. दादानं ताईकडे पाहिलं. ताईनं माझ्याकडे. मी धाकट्याकडे, आणि त्यानं डोळे मिटले. आमच्यात माया नव्हती असं मुळीच नाही. माझा तर हात अर्धा उचललाही गेला होता. पण मी घातले असते तर आज मी, उद्या मी आणि मग रोजचाच मी! आई डोळा उघडा ठेवून वाट बघत होती. शेवटी ती शेजारीण पदराला हात पुसत आली आणि दोन थेंब टाकून गेली.

आता तुम्ही मला नावं ठेवणार, हे ठाऊक आहे. ठेवा. तुमच्याही घरी कुणीतरी म्हातारं माणूस असेल आणि तुम्हाला दोन-तीन भावंडंही असतील. हे वाचून एखादवेळी फोन करावासा वाटेल. अवश्य करा. पण फोन हातात घेतल्यावर तुमचं बोट आधी कुणाच्या नावावर जातंय ते बघा. आईच्या, की "तू केलास का रे तिला?" असं विचारायला भावाच्या?